बाईंचे चौदा तालुके

दहिफळे बाईंना जाऊन आता दीड वर्ष होईल, तरी दुपारचे दोन वाजले की माझे कान अजून खालच्या मजल्याकडे लागतात. दोन ते चार ही त्यांची मशीनची वेळ होती. सावेडीतल्या आमच्या इमारतीत त्या वेळी सगळे डुलकी काढत असत आणि बाई लाकूड कापत असत.

मशीन म्हणजे स्क्रोल सॉ. शिवणयंत्राएवढंच असतं. सुईच्या जागी दोऱ्यासारखं बारीक पातं उभं ताणलेलं असतं आणि ते भराभर वरखाली धावतं. खाली प्लायचा तुकडा धरून फिरवला की हवा तो आकार कापून निघतो. आवाज मिक्सरपेक्षा कमी, पण झोपमोड करायला पुरेसा. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेलो. जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आता एखादी आपणही करावी म्हणून एका दुपारी बनियनवर शर्ट चढवून खाली गेलो. बाईंनी दार उघडलं. ठेंगणी मूर्ती, करोनातून उरलेला मास्क नाकावर, भुवयांवर भुसा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "बरं झालं आलात, भावसार. हे टोक जरा धरा."

मी टोक धरलं. तक्रार राहिली ती कायमचीच.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवत होत्या. विषय सगळेच, पण जीव भूगोलावर. त्यांचे यजमान अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. दोघंही मूळचे पाथर्डी तालुक्यातले. अण्णा निवृत्त झाल्यावर इथे फ्लॅट घेतला, मुलगा महेश पुण्यात कंपनीत लागला आणि आता सुखाने राहायचं असं ठरलं. मग अण्णा विसरायला लागले.

आधी चष्मा, मग आंघोळ झाली की नाही ते, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा दूध आणायला म्हणून बाहेर पडले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत. माळीवाडा स्टँडवरून एका कंडक्टरचा फोन आला. अण्णा पाथर्डीच्या गाडीत चढले होते आणि मधल्या वाटेत उभे राहून एकेकाच्या खांद्याला हात लावून "तिकीट, तिकीट" म्हणत होते. तो पोरगा भला. त्याने त्यांना धरून उतरवलं नाही, शेजारच्या सीटवर बसवून चहा पाजला आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. ती चिठ्ठी बाईंनीच त्यांच्या प्रत्येक शर्टात शिवून टाकली होती.

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू हाताळायला द्या, कोडी सोडवायला द्या. महेशने पुण्याहून लगोलग एक लाकडी कोडं पाठवलं. आठ तुकड्यांचा जिराफ. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"यांनी जन्मात जिराफ पाहिलेला नाही," त्या मला म्हणाल्या. "जे पाहिलंच नाही ते आठवायचं कुठून?"

अण्णांनी काय पाहिलं होतं? जिल्हा. तीस-बत्तीस वर्षं गाडीच्या दांड्याला धरून त्यांनी अकोल्यापासून जामखेडपर्यंत सगळा जिल्हा पालथा घातला होता. तेव्हा कोडं करायचं तर जिल्ह्याचंच, आणि बाजारात ते मिळणार नाही, म्हणून आपणच कापायचं, असं बाईंनी चौसष्टाव्या वर्षी ठरवलं. मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि मशीन मागवलं.

पहिले तीन दिवस त्या मशीनने बाईंना जाम छळलं. फळी पात्याला लावली की टणाटण उड्या मारायची, पातं तुटायचं. बाईंनी कंपनीला चार परिच्छेदांचं पत्र लिहिलं, वळणदार अक्षरात, वर विषय आणि खाली आपली नम्र, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. मग दाराची बिजागरी बसवायला आलेल्या रफिक मिस्त्रीने जाता जाता मशीनकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "बाई, पातं उलटं लावलंय तुमी. दात खाली पायजेत. वर केल्यावर ते फळी उचलनारच की."

दुसरं कुणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. बाईंनी त्याच दुपारी दुसरं पत्र लिहिलं. 'माझे आधीचे पत्र रद्द समजावे. मशीन निर्दोष आहे. चूक माझी आहे.' तेही रजिस्टर. मी म्हटलं, "अहो बाई, तुमचं पहिलं पत्र तरी कुणी उघडलं असेल का?" तर म्हणाल्या, "नसेल उघडलं. पण नाचता येईना अंगण वाकडं असं माझ्या सहीनं कुठं पडून राहायला नको."

हा बाईंचा स्वभाव. चूक म्हणजे चूक, मग ती स्वतःची असो की दुसऱ्याची. माझी तर त्या रोज काढत. टोक धरता धरता मीही शिकायला लागलो होतो. मला हत्ती कापायचा होता. बाईंनी पंधरा दिवस नुसत्या रेघा कापायला लावल्या. आधी सरळ, मग नागमोडी, मग काटकोन. "ढकलू नका. कापायचं काम पात्याचं, तुमचं काम वळवायचं." "श्वास कशाला धरून ठेवलाय? सोडा." पातं ताणून झालं की बोटाने छेडून बघायचं, टण असा आवाज आला तर बरोबर, नाहीतर पुन्हा ताणायचं. प्लायवर आधी कागदी चिकटपट्टी लावायची आणि मग तिच्यावर आकृती डकवायची, म्हणजे काम झाल्यावर ती अलगद सोलून निघते. शेवटी मी हत्ती कापला. सोंड जरा जाड झाली होती. आमच्या घरात कौतुक झालं, नातवाने तो मागितलाही. बाईंनी चष्मा वर करून पाहिला.

"हे डुक्कर आहे," म्हणाल्या. "चांगलं आहे. पण हत्ती म्हणून कुणाला देऊ नका."

जिल्ह्याच्या नकाशासाठी त्यांनी आठ दिवस नुसती तयारी केली. हद्द कापायला पातं फळीत उतरवायचं तर आधी कुठेतरी बारीक भोक पाडावं लागतं. मी बोट ठेवलं ते कोपरगावात. बाई केवढ्याने दचकल्या. "आपल्या जिल्ह्यात कशाला? भोक नाशिकच्या हद्दीत पाडायचं." आणि खरंच भोक नाशकात पडलं, तिथून पातं आत शिरलं आणि सबंध जिल्हा एका दमात फिरून आलं. मग एकेक तालुका सुटा केला. प्रवरेच्या काठाकाठाने कापताना बाई श्वास धरून होत्या, पण हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. तालुक्यांना रंग दिले. पाथर्डी पिवळा. पुढे जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा त्यांनी वरची पाटी तेवढी नवी कापून बसवली.

अण्णांनी तो नकाशा पहिल्यांदा लावला तेव्हा मी तिथे होतो. नाव विचारलं तर माझं त्यांना सांगता आलं नसतं, पण पाथर्डीचा पिवळा तुकडा हातात घेऊन ते म्हणाले, "भिंगार, मेहेकरी, करंजी, तिसगाव, पाथर्डी. करंजीच्या घाटात गाडी तापती. पानी घ्यायला थांबावं लागतं." आणि तुकडा अचूक जागेवर ठेवला. चौदाच्या चौदा तालुके बसवायला त्यांना पाव तास लागला. बाई नुसत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्यानंतरच्या दिवाळीत महेश आला आणि सगळं बोलून टाकलं. त्याच्या महिनाभर आधी बाई अण्णांना न्हाणीघरातून उचलताना स्वतः पडल्या होत्या, मनगट प्लास्टरमध्ये होतं. पुण्यात एक चांगली संस्था त्याने पाहून ठेवली होती. रात्रंदिवस माणसं, डॉक्टर, बाग. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे आईच होती.

"आई, किती दिवस ओढशील? आता बाबांना घर काय अन् संस्था काय, काय फरक कळणारे?"

मी उठून जायला निघालो तर बाईंनी मला हाताने बसवलं. साक्षीदार हवा होता बहुतेक.

"फरक कळतो का नाही त्याची परीक्षा घेऊ," त्या म्हणाल्या. "दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तू येतोस. तुझ्यासमोर हे पाथर्डी लावतील. ज्या दिवशी पाथर्डी लावता येणार नाही, त्या दिवशी घेऊन जा. मी अडवणार नाही."

महेश हो म्हणाला. त्याला वाटलं असेल, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. तो निघाला वर्षाहून अधिक. आणि त्या वर्षभरात मी बाईंना जे करताना पाहिलं ते आठवलं की मला अजून गलबलून येतं.

बारीक पात्याने कापलेले तुकडे एकमेकांत घट्ट बसत. अण्णांच्या बोटांना ते उचलता येईनात. बाईंनी जाड पात्याने नवा नकाशा कापला, तालुक्यांमध्ये जरा सैल फट ठेवून. मग चौदा तुकडे पाहून अण्णा घाबरायला लागले. हातात एक घेऊन बसून राहत. बाईंनी आठांचा नकाशा केला. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर एकत्र. मग पाचांचा. "श्रीगोंदा अन् कर्जत एकात घातलं आज," असं त्या मला सांगत ते एखाद्या नातेवाइकाचं जमिनीचं भांडण सांगावं तशा सुरात. हा नवा नकाशा त्यांना अजिबात आवडत नसे. पण पाथर्डी त्यांनी कधी कशात घातलं नाही. ते सुटं आणि पिवळं राहिलं, आणि दर दुसऱ्या शनिवारी अण्णा ते जागेवर ठेवत. कधी लगेच, कधी तासाभराने. महेश शेजारी बसून वाट पाही, आईने केलेलं जेवण जेवी आणि परत जाई.

मनगट बरं झालं तरी बाई थकत चालल्या होत्या. जिना चढून वर यायच्या त्या बंद झाल्या. मी एकदा भीत भीत म्हटलं, "बाई, महेश म्हणतो ते अगदीच चूक नाही हो."

"नाहीच चूक," त्या म्हणाल्या. "त्याचं बरोबर आहे. पण बत्तीस वर्षं हा माणूस रात्रीची मुक्कामाची ड्युटी करून सकाळी घरी आलाय. कितीही लांब गेला तरी घरी आलाय. याला मी घराबाहेर मुक्कामाला कसा पाठवू?" असं म्हणून त्यांनी मशीन सुरू केलं, म्हणजे पुढचं बोलणं बंद.

मग एक दिवस मी गेलो तेव्हा नकाशा समोर होता आणि अण्णा पिवळा तुकडा हातात धरून बसले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठं जायचं?"

तुकड्याकडे पाहून मी "पाथर्डी," म्हटलं.

त्यांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. "बसा. पुढं सरका जरा, मागं लई मान्सं हायती."

मी हसलो. मग बाईंकडे पाहिलं आणि हसू तोंडातच राहिलं. त्यांनी तुकडा माझ्याकडून घेतला, पुन्हा अण्णांच्या हातात दिला, नकाशातली रिकामी जागा बोटाने दाखवली. अण्णांनी तुकडा बाईंना दिला. "उतरताना सांगा," म्हणाले. बाईंनी तो परत दिला. असं किती वेळा झालं कोण जाणे. दुसऱ्या शनिवारला अकरा दिवस होते.

त्यातले पहिले सहा दिवस बाईंनी सकाळ, दुपार, संध्याकाळ सराव घेतला. खालून त्यांचा आवाज यायचा, वर्गात येत असेल तसा, न चढणारा, न थकणारा. "हे काय आहे? पाथर्डी. कुठं बसतं? बघा बरं." सातव्या दिवशी आवाज आला नाही. दुपारी दोनला मशीन सुरू झालं.

मी गेलो तेव्हा त्या गोल कापत होत्या. बशीएवढे गोल. स्क्रोल सॉवर सरळ रेघ सोपी, नागमोडी त्याहून सोपी, गोल सगळ्यांत अवघड. हात जरा अडखळला की कोपरा येतो. बाईंच्या शेजारी बिघडलेल्या गोलांचा ढीग पडला होता. मोठ्या फळीवर त्यांनी जिल्ह्याची हद्द रंगवून ठेवली होती आणि तिच्यात सहा गोल भोकं पाडलेली होती. अकोले, संगमनेर, नेवासा, पाथर्डी, श्रीगोंदा, जामखेड. साधारण जिथल्या तिथे.

"हे घ्या पॉलिश पेपर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कडा घासा. आणि प्रत्येक गोल प्रत्येक भोकात बसतो का ते बघा."

"ज्याचा त्याच्या भोकात ना?"

"प्रत्येक प्रत्येकात."

मी घासत बसलो. तिसऱ्या गोलाला माझ्या डोक्यात उजेड पडला आणि हात थांबला. हा नकाशा कुणालाच चुकवता येणार नव्हता. काहीही कुठेही ठेवा, बसणार. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चष्मा भुशाने भरला होता आणि त्या तो पुसत नव्हत्या. मी सहाही गोल सहाही भोकांत, छत्तीस वेळा बसवून पाहिले. एक जरा अडकत होता, तो घासला.

इथेच सांगून टाकतो. त्या शनिवारनंतर तीन आठवड्यांनी बाई गेल्या. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. मी त्या शनिवारी रात्रीच महिनाभरासाठी मुलीकडे संगमनेरला गेलो होतो, मला शेवटचं दर्शनही झालं नाही. त्या आधी जातील हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं. महेशने अण्णांना संस्थेत ठेवलं नाही, स्वतःच्या घरी नेलं. मशीन मला दिलं. मी ते वापरतो, पण दुपारी दोनला नाही, तेवढं माझ्याच्याने होत नाही.

म्हणजे मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारी. महेश दहाच्या गाडीने आला. मला बाईंनी बोलावून घेतलं होतं. अण्णांना आंघोळ घालून, पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसवलं होतं. टीपॉयवर नवी फळी होती. महेशने ती पाहिली आणि म्हणाला, "नवीन केलंस?"

"जुना जड होत होता त्यांना," बाई म्हणाल्या. मग अण्णांच्या हातात पिवळा गोल दिला. "पाथर्डी लावा बरं."

अण्णांनी गोल उलटसुलट केला. महेशकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता हे आम्हाला तिकीट देणार, असं मला वाटलं. पण समोर भोक होतं आणि हातात गोल होता. त्यांनी तो उचलून अकोल्याच्या जागी ठेवला. पाथर्डी थेट डोंगरात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. गोल अलगद आत बसला.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

महेश फळीकडे बघत राहिला. तोही याच जिल्ह्यात वाढलेला, याच बाईंच्या हाताखाली शिकलेला. त्याने जामखेडचा गोल उचलला, नेवाशाच्या भोकात घालून पाहिला. बसला. काढून श्रीगोंद्यात घातला. बसला. मग त्याने आईकडे पाहिलं. बाई त्याच्याकडे पाहत होत्या, सरळ, पापणी न हलवता, आणि हात मात्र मांडीवर पदराचा पीळ करत होते.

महेश खुर्चीवरून उतरून अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसला. जामखेडचा गोल त्यांच्या हातात दिला.

"आता हे बसवा, बाबा."

अण्णांनी ते संगमनेरला बसवलं.

"बरोबर," महेश म्हणाला. त्याने पुढचा गोल दिला.

बाई उठल्या. स्वयंपाकघराकडे जाताना माझ्या खुर्चीपाशी क्षणभर थांबल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "सगळं चुकलंय हो, भावसार." मग चहा टाकायला आत गेल्या.